कुरणं सोडून गेलेले पुजारी

2022 मध्ये शिवसेना फुटली, 2023 मध्ये राष्ट्रवादी. एकेका पक्षाची दोन दुकानं झाली आणि गावोगावच्या कीर्तनकारांना, महंतांना एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला : महाराज, तुम्ही कुणीकडं? पूर्णा-परभणीच्या भागात सप्ताहाचा मंडप उभा राहिला की हा प्रश्न हमखास येतो. माझं म्हणणं असं की धर्मसेवकाची निष्ठा त्याच्या सेवेशी असते, गादीशी नसते. आणि ती खरी की खोटी हे त्याने पदरचं काय सोडलं यावरून ठरतं, त्याला काय मिळालं यावरून नव्हे.

याचा एक जुना दाखला बायबलमध्ये आहे. इ.स.पूर्व 930 च्या सुमारास शलमोन राजा वारला आणि इस्राएलाचं राज्य दुभंगलं. दक्षिणेत त्याचा मुलगा रहबाम, उत्तरेत यराबाम. आपली माणसं देवपूजेच्या निमित्ताने दक्षिणेतल्या यरुशलेमला जात राहिली तर त्यांची मनंही तिकडेच वळतील, या धास्तीने यराबामाने बेथेल आणि दान इथे सोन्याची वासरं बसवली. बायबलच्या इतिहासग्रंथात म्हटल्याप्रमाणे एक गोऱ्हा आणि सात एडके घेऊन येईल तो त्याच्याकडे पुजारी होऊ शकत असे. परंपरेने सेवा करणारे लेवी मात्र गावाभोवतीची कुरणं आणि वतनं टाकून यरुशलेमला निघून गेले. आता कोणी म्हणेल, यराबामाने त्यांना हाकलूनच दिलं होतं, मग निष्ठा कसली? शिवाय त्यांच्या येण्याने रहबामाचं राज्य तीन वर्षं बळकट झालं, म्हणजे तेही एका गटाच्याच कामी आले. आक्षेप रास्त आहे. हा वृत्तान्त कित्येक शतकांनी, दक्षिणेच्या बाजूने लिहिला गेला; राजांच्या जुन्या ग्रंथात या स्थलांतराचा उल्लेख नाही, हेही मान्य करायला हवं. पण त्याच वृत्तान्तात शमाया नावाचा संदेष्टा आहे. रहबाम 1,80,000 सैनिक घेऊन उत्तरेवर निघाला तेव्हा, भावांशी लढू नका, घरी जा, असं त्याने सांगितलं. पुढे रहबामाने धर्म सोडला तेव्हा त्याच शमायाने त्याला तोंडावर सुनावलं. देवाच्या नावाने बोलणारा माणूस ज्या राजाच्या आश्रयाला असतो त्यालाही बांधला जात नाही, हे इथे दिसतं.

आपल्याकडचा दाखला तर अधिक स्पष्ट आहे. 1543 मध्ये गोव्यातले साष्टी आणि बारदेश पोर्तुगीजांकडे गेले आणि पुढच्या काही वर्षांत तिथली देवळं पाडली गेली, त्यांच्या जमिनी चर्चकडे वळल्या. 1560 मध्ये कुशस्थळीच्या, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीच्या मंगेशाचं लिंग नदीपलीकडे प्रियोळला नेलं गेलं. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. पलीकडच्या अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, तेव्हा हिंदू राजा नव्हता, आदिलशाही होती. म्हणजे पुजारी आणि महाजन एका परधर्मी सत्तेतून दुसऱ्या परधर्मी सत्तेत गेले, का तर तिथे दिवा लावता येत होता. स्वार्थ पाहिला असता तर घर, शेत, गावकीतला मान राखून मागे राहणं सोपं होतं. जे मागे राहिले त्यांना मी दोष देत नाही. लेकरंबाळं घेऊन नदी ओलांडणं ज्याच्या आवाक्यात नव्हतं त्याच्या श्रद्धेचं माप आपण कोणत्या तोंडाने काढावं?

मग धर्मातल्या माणसाने राजकारणात पाऊलच टाकू नये का? मराठवाड्यात असं म्हणता येणार नाही. निजामाविरुद्धचा हैदराबादचा लढा स्वामी रामानंद तीर्थांनी, एका संन्याशाने, चालवला. पण 1938 च्या सत्याग्रहात आणि पुन्हा 1947 मध्ये त्यांच्या वाट्याला तुरुंग आला. लोकांच्या हक्कासाठी स्वतःला झळ लावून घेणारा संन्यासी आणि उमेदवाराच्या गाडीतून येऊन आशीर्वाद देणारा महाराज यांना एका पंगतीत बसवता येत नाही. त्याच निजामी मुलखातून संत एकनाथांची पालखी हद्द ओलांडून इंग्रजी अमलातल्या पंढरपूरला जातच राहिली, आणि वाटेत वारकऱ्याला कोणी विचारलं नाही की तू कुणाची रयत.

म्हणून पूर्णा तालुक्यातल्या सप्ताह समित्यांना माझी विनंती आहे. देणगी कोणाचीही घ्या, पावती फाडा, पंगतीला सगळ्यांना बसवा. मंडपावर फलक मात्र सप्ताहाचाच राहू द्या, आणि काल्याच्या कीर्तनाला आमदार आले तर त्यांना समोर सतरंजीवर, इतर श्रोत्यांच्या रांगेत जागा द्या.