बॅटमॅनचा पगार किती?

"पैसे काढून घेतले तर बॅटमॅनमध्ये उरतं काय रे?"

रात्रीचे पावणेदोन, सकाळी सबमिशन, दोन जर्नल्स कोरी करकरीत... आणि आमच्या रूम पार्टनरला हा प्रश्न पडला. त्यावर त्याने स्वतःच दिलेलं उत्तर संपादक छापणार नाहीत. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी (आणि चुकून इथपर्यंत आलेल्या सरांसाठी) थोडी प्रस्तावना. डीसी कॉमिक्सने ऑक्टोबर २०२४ पासून 'ॲब्सोल्यूट' नावाने नव्या मालिका सुरू केल्या. हीरो तेच, पण विश्व वेगळं. युक्ती साधी आहे. प्रत्येक हीरोचा एकेक टेकू काढून घ्यायचा आणि गडी उभा राहतो का ते बघायचं. वंडर वुमनचं बेट काढून घेतलं, सुपरमॅनचं कॅन्ससमधलं प्रेमळ घर काढून घेतलं आणि बॅटमॅनचा पैसा.

आता बॅटमॅन म्हणजे आपल्या डोक्यात कोण असतो? नोलनचा! 'बॅटमॅन बिगिन्स' (२००५) आठवा. कंपनीच्या तळघरात संशोधन विभाग पडून आहे, तिथे सगळं तयार, फक्त काळा रंग मारायचा बाकी. मुखवटा लागतो एक, पण कोणाला संशय येऊ नये म्हणून ऑर्डर दहा हजारांची! इकडे आमच्या मिनी प्रोजेक्टला चार बेअरिंग घ्यायची तर तीन कोटेशन्स आणि दोन सह्या. तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण त्या ब्रूस वेनची खरी सुपरपॉवर वारसाहक्क होती, हे कळायला मला स्वतः वर्कशॉपमध्ये फाइल घासावी लागली.

स्कॉट स्नायडरने लिहिलेला आणि निक ड्रॅगोटाने काढलेला नवा ब्रूस नोकरदार आहे. वडील टॉमस वेन शाळामास्तर. प्राणीसंग्रहालयात झालेल्या गोळीबारात ते जातात. आई मात्र जिवंत आहे, नोकरी करते. हवेली नाही, गुहा नाही. आल्फ्रेड आहे, पण बटलर म्हणून नाही. तो ब्रिटिश गुप्तहेर आहे आणि पहिल्या अंकाची गोष्ट त्याच्याच तोंडून येते. आणि ब्रूस? ब्रूस आहे इंजिनिअर! गॉथॅम शहरासाठी काम करणारा. हे वाचून आमच्या मजल्यावर अर्धा तास तुंबळ युद्ध झालं. सिव्हिलवाले म्हणाले शहराचं काम म्हणजे आमचा माणूस. मेकॅनिकलवाल्यांनी त्याचा सूट पुढे केला. (कॉम्प्युटरवाले झोपले होते.)

सूट खरंच बघण्यासारखा आहे. छातीवरचं वटवाघूळ नुसतं चिन्ह नाही, ते सुटं होतं आणि दांड्याला लागून त्याची कुऱ्हाड होते. डोक्यावरचे कान उपटले की सुरे. म्हणजे शोभेचं काही नाहीच, जे अंगावर आहे ते कामाचं. आणि गाडी! मागच्या बॅटमोबाईल म्हणजे कोट्यवधींची लाडावलेली खेळणी. हा अजस्र डंपर घेऊन येतो. खाणीवर चालतात तसला, ज्याच्या चाकापुढे माणूस बुटका दिसतो. ते पान उघडल्यावर मी जोरात ओरडलो आणि शेजारच्या रूममधून चप्पल आली.

पहिल्या सहा अंकांची गोष्ट, 'द झू', मला सगळ्यात आवडली. ब्लॅक मास्क नावाचा गुंड आणि त्याची मुखवटेवाली 'पार्टी ॲनिमल्स' टोळी शहरात धुमाकूळ घालते. त्या टोळीतली पोरं काही जन्मजात राक्षस नाहीत, ती पैशावर आलेली आहेत. जुना बॅटमॅन अशा पोरांना बदडायचा तेव्हा एक अब्जाधीश बेकारांना मारतोय असं दिसायचं. (ही गोष्ट एकदा कोणी दाखवून दिली की पुन्हा नजरेआड करता येत नाही, सॉरी.) इथे दोन्ही बाजूंना महिनाअखेर माहीत असलेले लोक आहेत, त्यामुळे मारामारीला वजन येतं. वर जोकर इथे गर्भश्रीमंत! पारडंच उलटं केलंय. पैसा, माणसं, साधनं सगळं त्याच्याकडे, आणि आपल्या गड्याकडे कुऱ्हाड.

मग बिनसतं कुठे? तर दंडांत.

ड्रॅगोटाचा ब्रूस अवाढव्य आहे. खांदे दरवाजातून आडवे मावणार नाहीत असे. सुरुवातीला मजा वाटते. पण सहाव्या-सातव्या अंकानंतर मला शंका यायला लागली की लेखकाने पैसा काढला खरा, पण त्याची जागा मांसाने भरून काढली. सामान्य माणसाला बॅटमॅन होता येतं असं सांगायचं आणि तो सामान्य माणूस डोंगराएवढा काढायचा, हे जरा चीटिंगच झालं. जिमची फी, अंडी, प्रोटीन, रोजची आठ तास झोप हे सगळं पगारातून आणि नोकरी सांभाळून कधी जमवतो? आम्हाला मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते! मला त्याची पे-स्लिप बघायची आहे. रात्रभर मार खाऊन सकाळी साईटवर गेल्यावर साहेब काय बोलतात ते बघायचंय. कुऱ्हाडीचं पोलाद कुठून आणलं, वेल्डिंग कोणी केलं, किती वेळा फसलं? इंजिनिअर हीरो केलात तर त्याचा कच्चा हिशेबही दाखवा की. फसलेल्या प्रयत्नांचा एखादा अख्खा अंक असता तर मी तो उशाशी घेऊन झोपलो असतो.

२०२५ मध्ये आलेल्या बेनच्या अंकांत हा फुगवटा जास्तच जाणवतो. मध्ये मार्कोस मार्टिनने काढलेले मिस्टर फ्रीझचे दोन अंक येतात, थंडगार आणि नेमके, अंगावर काटा आणणारे. त्यानंतर बेन. बेन म्हणजे व्हेनम नावाच्या औषधाने फुगणारा पैलवान, त्यामुळे पानापानावर स्नायू, हाडं, रक्त. ब्रूसच्या लहानपणच्या दोस्तांना तो गाठतो आणि मोडतो. जुन्या कॉमिक्समध्ये हे दोस्त कोण होते माहितीये? किलर क्रॉक, रिडलर, पेंग्विन, टू-फेस! इथे ती गल्लीतली एकत्र वाढलेली पोरं आहेत. कल्पना जबरदस्त आहे, मानलं. पण त्यांची मैत्री पुरेशी मुरायच्या आधीच त्यांना चिरडायला घेतलं. दोन अंक नुसते गप्पांचे दिले असते तर पुढचा घाव जास्त लागला असता. रूम पार्टनर म्हणतो, "गप्पांचा अंक कोण विकत घेणार?" विकत घेण्याबद्दल बोलणारा हा! त्याचा समाचार पुढे.

बॅटमॅनएवढी हवा नसूनही माझ्या मते या सगळ्यांत सरस 'ॲब्सोल्यूट वंडर वुमन'. लेखिका केली थॉम्पसन, चित्रं हेडन शेर्मनची. २०२५ मध्ये हिला उत्कृष्ट नव्या मालिकेचा आयस्नर पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही. डायना इथे अप्सरांसारख्या बहिणींच्या बेटावर वाढत नाही, सर्सी नावाच्या चेटकिणीने तिला नरकात वाढवलंय. घोडा आहे, पंखवाला, पण हाडांचा सापळा. एका माणसाला नरकातून परत पाठवण्यासाठी ती स्वतःचा हात देऊन टाकते. आणि एवढं होऊनही ती कडवट नाही! 'सगळं हिरावलं म्हणून मी अशी झाले' हे रडगाणं गात नाही. बॅटमॅनच्या लेखकाने ताकद वाढवून जे साधायचा प्रयत्न केला, ते थॉम्पसनने माया दाखवून साधलं. हॉस्टेलच्या पोरांना ही गोष्ट पटकन रुचत नाही, कारण कव्हरवर डंपर नाही.

'ॲब्सोल्यूट सुपरमॅन' (लेखक जेसन एरन, चित्रकार राफा सँडोव्हाल) थोडक्यात आटपतो. क्रिप्टॉनवर इथे वर्ग आहेत आणि काल-एलचे आईवडील कष्टकऱ्यांतले. छातीवरचा 'एस' ही त्या वर्गाची खूण. पृथ्वीवर तो खाणमजुरांच्या बाजूने एका बलाढ्य कंपनीशी भांडतो. हेतू उत्तम, पण संवाद अधूनमधून पथनाट्यासारखे होतात. 'ॲब्सोल्यूट मार्शन मॅनहंटर' मात्र चुकवू नका. लेखक डेनिझ कॅम्प, चित्रकार हाव्हिएर रॉड्रिगेझ. माणसांच्या मनातले विचार रंगीत धुरासारखे दिसतात, बस्स, एवढंच सांगतो. ही मालिका आधी सहाच अंकांची म्हणून जाहीर झाली होती. लोकांनी उचलून धरली आणि बारा अंकांची झाली. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याचं काम आहे.

कारण आता अडचणीची गोष्ट. (सरांनी हा परिच्छेद सोडून पुढे गेलं तरी चालेल.)

आमच्या मजल्यावर एक हार्ड डिस्क आहे. कोणत्या बॅचची, कोणालाच माहीत नाही. सीनियर जाताना बादली, इस्त्री आणि ती डिस्क मागे ठेवून जातात. त्यात सिनेमे, प्रश्नपत्रिका आणि हजारोंनी स्कॅन केलेली कॉमिक्स. नवे अंकही कोणीतरी कुठूनतरी भरत असतो. वर लिहिलेलं बहुतेक सगळं मी तिथूनच, फुकट वाचलंय. म्हणजे काय झालं, की खाणमजुरांच्या हक्कासाठी लढणारा सुपरमॅन मी चोरून वाचला, आणि तो किती थोर आहे यावर मेसमध्ये भाषणं ठोकली!

बरं, या धंद्यात चोरीचा इतिहासही जुना आहे, आणि तो आपण सुरू केलेला नाही. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलर्सना दिले. कंपनीने त्यावर किती कमावलं ते सांगायला नको. हे दोघे म्हातारपणी हलाखीत होते. शेवटी १९७५ मध्ये जाहीर बोंबाबोंब केल्यावर त्यांना वार्षिक पेन्शन आणि नाव परत मिळालं. बॅटमॅनचं तर आणखी वाईट. १९३९ पासून त्यावर एकट्या बॉब केनचं नाव. पण टोप, केप, काळपट रंग, गॉथॅम हे नाव, यातलं कितीतरी बिल फिंगरच्या डोक्यातून आलं. फिंगर १९७४ मध्ये वारला. त्याचं नाव अधिकृतपणे जोडलं गेलं २०१५ मध्ये! आपल्याकडे ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकाने रात्रभर जागून काम करायचं आणि प्रेझेंटेशन दुसऱ्याने द्यायचं, त्याचीच ही मोठी आवृत्ती. फक्त इथे निकाल ७६ वर्षांनी लागला.

रूम पार्टनरचा युक्तिवाद यावरच उभा आहे. "पैसे कंपनीला जातात, लेखकाला कुठे जातात? मग कशाला घ्यायचं?" ऐकायला क्रांतिकारी वाटतं. पण कंपनी फुकट वाचणाऱ्यांमुळे बुडत नाही, आणि कमी खपलेली मालिका पहिली बंद होते. तेव्हा घरी बसतो तो चित्रकारच. मार्शन मॅनहंटरचे सहा अंक वाढले ते ज्यांनी पैसे मोजले त्यांच्या जोरावर, आमच्या डिस्कच्या जोरावर नाही.

पण दुसरी बाजूही खरी आहे, ती लपवणार नाही. पाच डॉलर्सचा एक अंक म्हणजे चारशे रुपयांच्या वर, इथे पोचेपर्यंत आणखी. वाचून व्हायला वीस मिनिटं. चारशेत आठवडाभर टपरीवर वडापाव-कटिंग होतं. त्यामुळे 'चोरी वाईट' एवढं म्हणून मोकळं व्हायला मला जमत नाही. परवडत नाही म्हणून वाचायचंच नाही, असं असतं तर मला बॅटमॅन कधी भेटलाच नसता.

तर आम्ही गेल्या सेमिस्टरला कॉन्ट्री काढली. चौघांनी मिळून 'द झू'चं एकत्रित पुस्तक मागवलं. रूम पार्टनरने सगळ्यात जास्त कुरकुर केली आणि सगळ्यात आधी कव्हर घातलं. छापलेल्या पानावर डंपर स्क्रीनपेक्षा कितीतरी मोठा दिसतो, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढचा खंड घ्यायचाय, दोन जण कमी पडतायत. वंडर वुमनही घ्यावी असं माझं मत, पण मतदानात मी एक विरुद्ध तीनने हरलोय. आणि 'द झू' सध्या दुसऱ्या मजल्यावर कोणाकडे तरी आहे. ज्याच्याकडे असेल त्याने परीक्षेच्या आधी रूमवर आणून द्यावं. चौथ्या अंकाच्या पानांवर मॅगीचा डाग आहे, तो आमचाच आहे, त्याचं टेन्शन घेऊ नये.