जनरलसाहेबांची कवायत

मुंबईला मंत्रालयाच्या अगदी शेजारी जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग आहे. रोज त्या रस्त्याने कचेरी गाठणाऱ्यांना हे जनरल कोण म्हणून सहज विचारून पाहा. सुटीत नृसिंहवाडीस आलेल्या माझ्या मुंबईकर भाच्याला मी विचारले, तर तो म्हणाला, "असतील कोणी पेशवाईतले सरदार, मामा!"

वास्तविक ज्या मुलखातून टेंब्येस्वामी आमच्या वाडीला आले, त्याच सावंतवाडीकडचे हे भोसले. गाव तिरोडे, जन्म १९०६ चा. डेहराडूनच्या सैनिकी विद्यालयात शिकून ते विलायतेत सँडहर्स्टला गेले आणि इंग्रजी फौजेत अधिकारी झाले. त्या काळी हा मान फार थोड्या हिंदी तरुणांना मिळे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, तेव्हा ते लेफ्टनंट कर्नल होते. सुमारे पंचेचाळीस हजार हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती सापडले. त्यांत तेही होते.

आता सांगा, अशा वेळी माणसाने काय करावे? शपथ इंग्रज बादशहाची घेतलेली, आणि देश तर आपला! भोसले आझाद हिंद सेनेत गेले. १९४३ च्या ऑक्टोबरात नेताजींनी हंगामी सरकार स्थापन केले, त्याच्या मंत्रिमंडळात त्यांना जागा मिळाली. पण ज्यांनी शपथ मोडली नाही, त्यांना नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. कितीतरी जणांनी जपानी छावण्यांत अतोनात हाल सोसले. त्याच युद्धात इकडे इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा पलटणीच्या जवानांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. घाडग्यांना तर तो मरणोत्तर. गावात एकाच पारावर बसणाऱ्या दोन बापांचे मुलगे दोन बाजूंना असू शकत होते. त्यांतल्या कोणत्या बापाला आपण खाली मान घालायला सांगणार?

पुढे देश स्वतंत्र झाला, पण आझाद हिंद सेनेतल्या अधिकाऱ्यांना स्वतंत्र भारताच्या फौजेत परत घेतले नाही. जन्मभर जे शिकले, तेच करायची वाट बंद! दुसरा कोणी असता तर उरलेले आयुष्य तक्रार सांगण्यात घालवता. भोसले १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीने घरदार गमावलेली मुले त्यांनी तिथे पाहिली. १९५४ साली दिल्लीच्या कस्तुरबा निकेतन या निर्वासितांच्या संस्थेत त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, व्यायाम, समूहगान. बंदूक मात्र नाही. हीच योजना पुढे शिक्षण खात्याकडे गेली आणि शाळाशाळांतून पसरली. भोसले १९६३ साली वारले.

कोणी म्हणेल, पोरांना रांगेत उभे करण्यात एवढे काय मोठे? आम्हां वाडीकरांना तसे वाटत नाही. कृष्णा-पंचगंगेचा पूर चढून पाणी गाभाऱ्यात शिरले, की उत्सवमूर्ती नारायणस्वामी मंदिरात हलवतात आणि तिथे पूजा चालू राहते. खाली पाणी गर्जत असते, पण वेळच्या वेळी आरतीची घंटा ऐकू आली की घाबरलेल्या बायकापोरांना धीर येतो. सारे वाहून गेलेल्या मुलालाही सकाळी ठरल्या वेळी मैदानावर यायचे आहे आणि आपल्या शेजारी कोणी उभे राहणार आहे, एवढे कळले तरी केवढा आधार असतो!

युद्धात कोण बरोबर होते, हा वाद इतिहासकार खुशाल घालोत. त्या मैदानावरची मुले आज ऐंशीच्या घरात असतील. सैन्याबाहेर राहून भोसल्यांनी काय मिळवले, हे त्यांना विचारावे.