झाडाची जखम

मुलांनो, गुडघा खरचटला तर काय होतं? खपली धरते, आठ-दहा दिवसांनी ती गळून पडते आणि खाली नवी कातडी आलेली असते. झाडाचं मात्र असं होत नाही. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि तेही आमच्या सोसायटीचा गुलमोहर गमावल्यावर!

झालं असं. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मीटिंगमध्ये ठरलं, पावसाआधी गुलमोहर छाटून घ्यायचा. सेक्रेटरी मीच. परवानगीचा कागदही आणला. तिघांनी भाव सांगितले, त्यातल्या सर्वांत स्वस्त माणसाला मी बोलावलं. तो कोयता घेऊन सरसर वर चढला आणि दोन तासांत फाटकाकडच्या सगळ्या फांद्या खाली! प्रत्येक फांदीचा हातभर खुंट तेवढा ठेवला आणि त्यावर डांबर फासलं. "आता पाणी शिरायचं नाही साहेब," म्हणाला. मी खूश. पैसे वाचले ना!

दोन पावसाळ्यांत ते खुंट कुजले. खोडावर अळंब्या उगवल्या. तिसऱ्या पावसाळ्यात एका संध्याकाळी खोड बेचक्यातून उभं चिरलं आणि अर्धा गुलमोहर सायकल स्टँडवर कोसळला. पाच मिनिटांपूर्वी तिथे मुलं खेळत होती. उरलेलं झाड काढावंच लागलं.

यंदा आंब्याची पाळी आली. त्याची एक जाड फांदी पत्र्यावर घासत होती. शेजारची सातवीतली मुलगी जिन्यात मला अडवून म्हणाली, "काका, आता आंबापण घालवणार का हो तुम्ही?" मला उत्तर सुचेना.

या वेळी भाव विचारण्याआधी मी आधीचं काम बघून आलो. मग ज्यांना बोलावलं ते मामा पंधरा मिनिटं हात मागे बांधून नुसते झाडाभोवती फिरले. खोडावर टकटक केलं, कान लावला. मग वर बोट दाखवून म्हणाले, "त्या बेचक्यात कावळ्याचं घरटं हाय. पिल्लं उडाल्याबिगर मी हात लावायचो नाही."

तीन आठवड्यांनी ते आले. डोक्याला हेल्मेट, कमरेला दोर, हातात करवत. आधी फांदीला खालून थोडी चीर दिली. मग जरा पुढे वरून कापलं. फांदी साल न ओरबाडता तुटली आणि दोरावर झुलत खाली आली. शेवटी उरलेला खुंट काढला. पण तोही खोडाला घासून नाही, फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते ती राखून.

"मामा, ती कड का ठेवली?" आमच्या सातवीचा प्रश्न.

"तिथनंच तर झाड जखम झाकतंय, पोरी. ती कापली तर कशानं झाकंल?"

मामांनी अनुभवानं जाणलेली ही गोष्ट अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स शायगो (१९३०–२००६) या शास्त्रज्ञांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवून दिली. झाडाची जखमी पेशी पुन्हा बरी होत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंती उभ्या करतं, कुजणं तिथेच कोंडतं आणि कडेनं नवं लाकूड वाढवून वरून जखम झाकतं. लांब खुंट ठेवला तर झाकता येत नाही, आणि कड कापली तर आतली भिंतच पडते. डांबर फासून कुजणं थांबत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

तेव्हा मुलांनो, तुमच्या आवारात झाड छाटायचं ठरलं तर आई-बाबांना एवढं विचारायला सांगा: कुठली फांदी आणि का? कोयता की करवत? फांदी दोरानं उतरवणार ना? जवळून विजेची तार जात असेल तर काय करणार? चढणाऱ्याच्या विम्याचं काय? "शेंडाच उडवून टाकू" असं जो म्हणेल, त्याला चहा पाजून परत पाठवा. तिथून भाराभर कोंब फुटतात, पण ते कच्च्या बांध्याचे असतात आणि वाऱ्यात मोडतात.

आणखी एक. झाड आपल्या आवारातलं असलं तरी मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्रातल्या शहरांसाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. २०२१ पासून पन्नास वर्षांच्या आणि त्याहून जुन्या झाडांना त्यात 'वारसा वृक्ष' म्हटलं आहे. मुंबई-पुण्यात फांद्या छाटायच्या तरी आधी महापालिकेकडे अर्ज करावा लागतो.

तुम्हालाही काम आहे बरं का! बुंध्याला खिळे ठोकलेत का, तार आवळली आहे का, फरशी किंवा सिमेंट पार खोडापर्यंत आलंय का, ते पाहा. बुंध्याभोवती निदान एक मीटर माती मोकळी हवी. पाणी आणि हवा मुळांना तिथूनच मिळते. स्वतः उपटाउपटी करू नका, मोठ्यांना दाखवा.

आणि एखादी जुनी, नीट कापलेली जागा शोधा. तिच्याभोवती लाकडाचं गोल कडं दिसेल. आमच्या आंब्यालाही आता तसं बारीकसं कडं धरू लागलंय. ते मला कुणी दाखवलं, सांगायला हवं का? "काका, आंबा जखम झाकतोय!" असं ओरडत ती चार जिने चढून आली होती.