रिकाम्या रांजणाची सबब

‘दिवसभर साहेबाची बोलणी खाल्ली, लोकलमध्ये चेंगरलो, संध्याकाळी मनावर ताबा राहणार कुठून?’ पेल्यामागची ही कैफियत जुनीच. तिला विज्ञानाचा शिक्का मिळाला तो १९९८ साली.

अमेरिकेत रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी उपाशी विद्यार्थ्यांपुढे चॉकलेटची बिस्किटे आणि मुळे ठेवले. मोह आवरून मुळे खाणाऱ्यांनी नंतरचे न सुटणारे कोडे आठेक मिनिटांत सोडून दिले. बिस्किटे खाणारे एकोणीस मिनिटे झुंजले. निष्कर्ष निघाला, की संयम रांजणातल्या पाण्यासारखा उपसला की संपतो. २००२च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार दडपायला लावलेले पुरुष पुढे गाडी चालवण्याची चाचणी आहे हे ठाऊक असूनही जास्त बिअर प्यायले. २००९च्या प्रयोगात समोरची मिठाई टाळणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांनी मधल्या सुट्टीत सिगारेट ओढली. भाज्या टाळणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांनी.

पूर्वपक्ष भक्कम दिसतो. पण २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून अधिक लोकांवर हा परिणाम पुन्हा तपासला, तेव्हा तो जवळजवळ शून्य निघाला. ‘प्रयोगातले काम चुकीचे निवडले,’ असा आक्षेप बाउमाइस्टर यांनी घेतला. ठीक. मग त्यांच्याच जुन्या सहकारी कॅथलीन व्होस यांच्या पुढाकाराने ३६ प्रयोगशाळांत चाचणी झाली. २०२१चा तो निकालही नगण्यच.

आणि प्रयोगशाळा कशाला हवी? थकव्यानेच माणूस पीत असेल, तर गटारीला, तेही सुट्टी काढून, कोण थकलेला असतो? सिगारेटचे तर आणखी मजेशीर. रक्तातले निकोटिन दोनेक तासांत निम्म्यावर येते आणि चिडचिड सुरू होते. तिला आपण ‘कामाचा ताण’ म्हणतो. आधीच्या सिगारेटने लावलेली आग पुढची विझवते, आणि श्रेय मात्र तिला!

याचा अर्थ ‘इच्छाशक्तीच नाही’ म्हणून हिणवणारे बरोबर, असे मुळीच नाही. तेही लढाई मनातच शोधतात. जर्मनीत लोकांच्या रोजच्या मोहांच्या नोंदी घेतल्या, तेव्हा संयमी माणसे मोहाशी जास्त लढताना दिसली नाहीत. त्यांच्यावर लढायची वेळच कमी येत होती. बाटली घरात नाही, पाकीट खिशात नाही, वाटेत टपरी नाही, एवढेच भांडवल.

आमच्या बायकांना हे कधीच कळले होते. नवऱ्याला उपदेश करून थकल्यावर त्यांनी गावातल्या दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान मागितले. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मतपत्रिकेवरची ‘आडवी बाटली’ निवडली, की दुकान बंद. महाराष्ट्र सरकारने २०२०मध्ये सुट्या सिगारेटींची विक्री बंद केली तीही याच न्यायाने. टपऱ्यांवर ती बंदी पाळली जात नाही, हा दोष सरकारचा आहे, पिणाऱ्याच्या मनाचा नव्हे.

एक मात्र सांगितलेच पाहिजे. ज्यांचे हात सकाळी दारूवाचून थरथरतात, त्यांनी ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकदम सोडू नये. झटके येऊ शकतात. तंबाखू सोडायची असेल, तर केंद्र सरकारचा विनामूल्य क्रमांक आहे : १८००-११-२३५६.