नाताळाचे वाजप आणि दहाचा ठोका

जुने गोवे येथील संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त 3 डिसेंबरला आणि पणजीच्या सायबिणीचे फेस्त 8 डिसेंबरला पार पडले, की गोव्याला नाताळाचे वेध लागतात. घरोघर कागदी नक्षत्रे लोंबू लागतात, मुले गोठ्यासाठी गवत व माती जमवितात, आणि सासष्टीतील वा बार्देशातील एखाद्या वाड्यावरून तिन्हीसांजेला जाणाऱ्याच्या कानी ट्रंपेटचे, सॅक्सोफोनचे सूर तुटक तुटक पडतात. गावच्या बँडच्या तालमी सुरू झालेल्या असतात. शेतकऱ्याला मृगाचे जे मोल, तेच ह्या वादक मंडळींना डिसेंबरचे. वर्षभर कोठे नोकरी, कोठे किरकोळ धंदा करून दिवस काढणारा वादक नाताळ, नववर्ष आणि त्यामागून येणारा लग्नसराईचा हंगाम ह्यांच्या भरवशावर घरखर्चाचा मेळ घालीत असतो.

पूर्वी नाताळाअगोदरचे चार आठवडे ख्रिस्ती समाजात संयमाचे मानले जात. लग्ने टाळली जात, नाचगाणी थांबत, आणि मध्यरात्रीची प्रार्थना आटोपल्यावरच बँडला खऱ्या अर्थाने कंठ फुटे. आता तो निर्बंध सैल झाला आहे. हॉटेले, कचेऱ्या, क्लब ह्यांच्या मेजवान्या डिसेंबर उजाडताच सुरू होतात. म्हणजे संगीताला मागणी वाढली. मग बँडवाल्याचे दिवस पालटावयास हवे होते. प्रत्यक्षात मात्र आपल्या हातचे काम जात असल्याचे गाऱ्हाणे तो गेली कित्येक वर्षे मांडीत आहे. मागणी वाढावी आणि मागणी पुरविणाराच उपाशी राहावा, ह्या कोड्याचा उलगडा केल्याखेरीज नाताळाच्या शुभेच्छा देऊन मोकळे होणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

पहिले कारण उघड आहे. सहा-आठ वादकांच्या ताफ्याऐवजी एक डीजे आणि ध्वनिक्षेपकांची उतरंड आणली, की यजमानाचा खर्च वाचतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. यंत्राने माणसाचे काम घेतल्याचे हे काही पहिले उदाहरण नव्हे. पण हातमाग गेला तरी कापड मिळत राहिले. बँड गेला तर तो वाजविणारी विद्याच जाते, आणि ती बाजारातून परत विकत आणता येत नाही.

ही विद्या येथे कशी रुजली, हे आठवणे आवश्यक आहे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज राजवटीने चर्चच्या आश्रयाने शाळा चालविल्या. तेथला 'मेस्त' मुलांना स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकवी. त्या राजवटीविषयी आमच्या मनात ममत्व असण्याचे कारण नाही आणि त्या शिक्षणामागचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हेही आम्ही विसरलेलो नाही. परंतु बी कोणी पेरले ह्यावरून झाडाच्या फळाची किंमत ठरत नसते. गावोगावच्या साध्या घरांतील मुले लिहिलेले संगीत वाचू लागली आणि पुढे पोटासाठी मुंबईला गेली. धोबीतलावाच्या आसपास गोमंतकीयांच्या 'कुडां'त उतरून त्यांनी चित्रपटसृष्टीचे वाद्यवृंद उभे केले. सॅबेस्टियन डिसोझा ह्यांनी शंकर-जयकिशन ह्यांच्या गीतांची वाद्यरचना बांधली. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट ह्यांचा ट्रंपेट आमच्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (1951) मध्ये घुमला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांच्यापाशी प्यारेलाल व्हायोलिन शिकले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाजलेल्या गाण्यातले नाव ह्याच गुरूचे. मडगावच्या बोर्ड्याचे ख्रिस पेरी कोकणी गाण्याला जॅझची चाल देऊन गेले. मंगेशीचे नाव ज्या मंगेशकरांनी जगभर नेले, त्यांच्या असंख्य गाण्यांमागे सासष्टी-बार्देशच्या वादकांचा हात वाजत होता. गोव्याच्या मातीचे हे दोन सूर मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात एकमेकांना भेटले.

दुसरे कारण घड्याळाचे. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आली, आणि निवासी भागात आवाजाची कमाल पातळी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ठरली. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढविण्याचा अधिकार राज्य शासनाला मिळाला. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीची बंदी उचलून धरली. म्हाताऱ्याकोताऱ्यांची झोप, आजाऱ्याचा विसावा आणि परीक्षेस बसणाऱ्या मुलाची शांतता हीदेखील नागरिकांचीच मालमत्ता आहे. ह्या नियमाला आमचा विरोध नाही.

आमचा आक्षेप आहे तो अंमलबजावणीतील दुजाभावाला. हणजुणे-वागातोरच्या रहिवाशांना रात्रभर चालणाऱ्या कर्णकर्कश आवाजाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. 2007 साली कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालेला 'सनबर्न' महोत्सव 2024 च्या डिसेंबरात पेडण्यातील धारगळला आला, तेव्हा गावकऱ्यांचा विरोध असूनही तो पार पडला. उलट, गावच्या मैदानावर दहाचा ठोका पडताच बँडची वायर काढावयास हवालदार वेळेवर हजर असतो. तिकीट लावून परगावच्या पाहुण्यांसाठी वाजणारे संगीत म्हणजे पर्यटन आणि आपल्या शेजाऱ्यांसाठी वाजणारे संगीत म्हणजे उपद्रव, अशी कायद्यात तर कोठे व्याख्या नाही!

हा केवळ ख्रिस्ती बांधवांचा प्रश्न आहे असे आमच्या हिंदू वाचकांनी मानू नये. हेच दिवस मार्गशीर्षातील जत्रांचे. सांखळीच्या दत्तजयंतीपासून गावोगावच्या देवस्थानांपर्यंत दशावतार आणि मराठी नाटके रंगतात, आणि आमची परंपरा पहाटेपर्यंत नाटक चालविण्याची. दहाचा ठोका तेथेही पडतो. जत्रेच्या मांडवाला एक न्याय आणि नाताळाच्या मांडवाला दुसरा, असे कोणी मागू नये. कोणी दिला तर घेऊही नये. आमच्या फराळाच्या ताटाला नाताळात नेवऱ्या, दोदोल आणि कुलकुलांनी ज्या घरांतून परतफेड होते, त्या घरांची अडचण ही आपलीही अडचण आहे.

तिसरे कारण सर्वांत चिंताजनक, कारण त्याबद्दल आरडाओरडा होत नाही. 'मेस्त' नाहीसा होत आला आहे. 1952 साली आंतोनियो द फिगेरेदो ह्यांनी स्थापिलेली संगीतशाळा पुढे कला अकादमीत सामील झाली आणि तेथे पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण मिळते. परंतु केपे-काणकोणच्या मुलाने रोज पणजी गाठावी काय? एके काळी प्रत्येक मोठ्या चर्चच्या आवारात जे शिक्षण मिळत होते, ते आज ज्याच्या आईबापांना खासगी शिकवणी परवडते त्याच्याच वाट्याला येऊ लागले आहे. आणि जो शिकतो, तो पर्यटक-जहाजांवरची नोकरी पत्करून दर्यावर जातो. घरच्या नाताळात त्याची खुर्ची रिकामीच असते.

वादकांच्या बाजूने पुष्कळदा एकच मागणी पुढे येते, ती म्हणजे वेळ वाढवून द्या. मध्यरात्रीपर्यंत, दोनपर्यंत, जमल्यास पहाटेपर्यंत. आमच्या मते ही मागणी चुकीच्या ठिकाणी बोट ठेवते. वेळ वाढली तर तिचा पहिला लाभ बँडला होणार नाही. तो होईल ज्यांच्या भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांनी बँडला हुसकावले त्यांना. बँडने दहाला थांबावयाचे, तर नृत्यसंध्या अकराला का सुरू व्हावी? ती साडेसहाला सुरू करावी. यजमानांनी आणि निमंत्रितांनीही एवढी सवय मोडली, तर साडेतीन तासांचे खरे वाजप कोणाच्या झोपेवर घाला न घालता होऊ शकते.

शासनाकडून मात्र तीन गोष्टींची अपेक्षा आहे. सवलतीचे पंधरा दिवस ठरविताना गावची फेस्ते, जत्रा आणि नाताळ-चतुर्थी ह्यांना प्रथम मान द्यावा, आणि त्यांची यादी लोकांना पुरेशी आधी कळवावी. सरकारी पैशातून होणाऱ्या महोत्सवांत प्रत्यक्ष वाजविणाऱ्या स्थानिक बँडला आणि घुमटवादकांना निश्चित वाटा व ठरल्या वेळी मानधन मिळावे. आणि प्रत्येक तालुक्यात, सरकारी शाळेच्या छपराखाली, संगीताचा एक पूर्ण पगारी शिक्षक असावा. त्याने व्हायोलिनही शिकवावे आणि तबलाही.

हे अशक्य नाही, ह्याचा दाखला घुमटानेच दिला आहे. घोरपडीच्या कातड्यावर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आली, तेव्हा घुमट संपले असे अनेकांनी गृहीत धरले होते. कारागिरांनी बकऱ्याचे कातडे वापरून पाहिले, नाद जुळविला, आणि 2019 साली त्याच घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान मिळाला. कायदाही राहिला आणि घुमटही राहिले. बँडलाही अशीच वाट काढता येईल. येत्या नाताळात ज्यांच्या घरी मांडव पडणार आहे, त्यांनी ध्वनिक्षेपकवाल्याला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी आपल्याच वाड्यावर तालमी करणाऱ्या मुलांना एकदा विचारून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.