गाडी इलेक्ट्रिक, पण मीटर कोणाच्या नावावर?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतले एक रिक्षाचालक भाऊ दोन कागद घेऊन अभ्यासिकेत आले. एक कागद इलेक्ट्रिक रिक्षाचे कोटेशन होते, दुसरा घराचे लाईट बिल. बिलावर नाव घरमालकाचे होते. त्यांचा प्रश्न सरळ होता : "गाडी घेतो की ओ, पण लावू कुठं? आणि वायर कुणाच्या घरातून ओढू?"

आम्ही त्यांना लगेच उत्तर देऊ शकलो नाही. नंतर आम्ही कार्यकर्त्यांनी बसून धोरणे वाचली, हिशेब मांडला, चार रिक्षा स्टँडवर जाऊन बोललो. त्यातून जे समजले ते इथे मांडत आहोत. पेट्रोलवरून विजेवर जाण्याचा प्रश्न गाडीपेक्षा घर, मीटर आणि कर्ज या तीन गोष्टींचा जास्त आहे. आपल्या समाजाकडे नेमक्या याच तीन गोष्टी कमी आहेत.

धोरण काय देते?

राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये नवे इलेक्ट्रिक वाहन धोरण मंजूर केले. ते २०३० पर्यंत लागू राहील. त्यात वाहन खरेदीवर सवलत आहे, मोटार वाहन करात माफी आहे, महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे.

केंद्राची 'पीएम ई-ड्राईव्ह' योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. तिची रक्कम १०,९०० कोटी रुपये आहे. सुरुवातीला त्यात दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका आणि चार्जिंग केंद्रे धरली होती; खासगी कार नव्हती. राज्याची महिलांसाठीची 'पिंक ई-रिक्षा' योजनाही आहे आणि तिच्यात सोलापूरचा समावेश आहे. या योजनेत २० टक्के रक्कम राज्य शासन देते, १० टक्के लाभार्थी महिलेने भरायची आणि ७० टक्के बँकेचे कर्ज.

कागदावर हे सगळे चांगलेच आहे. आम्ही इलेक्ट्रिक गाडीच्या विरोधात नाही. रस्त्याच्या कडेला घर असलेल्या माणसाला धूर म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पण या सवलती सोलापुरात पोहोचेपर्यंत त्यांचे काय होते ते पाहू.

टोलमाफीचेच घ्या. सोलापूरचा माणूस पुण्याला निघाला की त्याला सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस हे नाके लागतात. हा राष्ट्रीय महामार्ग आहे आणि राज्याच्या टोलमाफीच्या यादीत तो नाही. म्हणजे आपल्या जिल्ह्यातला इलेक्ट्रिक कारवाला आधी पुण्यापर्यंत टोल भरणार आणि पुढे मुंबईला गेलाच तर त्याला माफी मिळणार.

रिक्षाचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शहरात पेट्रोल रिक्षा चालवणारा भाऊ इलेक्ट्रिक रिक्षा घेतो असे समजा. आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत.

दिवसाला ८० किलोमीटर, लिटरला २५ किलोमीटरचे ॲव्हरेज आणि पेट्रोल १०४ रुपये धरले तर रोजचे साधारण ३३० रुपये होतात. महिन्याला २५ दिवस धंदा केला तर ८,३०० रुपयांच्या आसपास पेट्रोल जाते.

तेवढ्याच अंतरासाठी इलेक्ट्रिक रिक्षाला रोज साधारण ८ युनिट लागतात, म्हणजे महिन्याला २०० युनिट. इथेच पहिली अडचण येते. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त असतात. त्यापुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो. पंखा, टीव्ही, फ्रिज यांतच आपल्या घरचे पहिले १०० युनिट संपतात. म्हणजे रिक्षाचे सगळे युनिट महागड्या टप्प्यात जातात. घरचा वापर आणखी वाढून एकूण ३०० युनिटच्या पुढे गेला तर त्याहून वरचा टप्पा लागतो. सगळे आकार धरून १२ रुपये युनिट मानले तर महिन्याचे २,४०० रुपये झाले. पेट्रोलच्या तुलनेत ५,९०० रुपये वाचले.

आता कर्ज. अडीच लाखांचे कर्ज, ५ वर्षे, ११ टक्के व्याज धरले तर हप्ता ५,४०० च्या घरात जातो. म्हणजे हाती महिन्याला ५०० रुपये उरतात. थोडे आहेत, पण ५ वर्षांनी गाडी आपली होते. सौदा बरा आहे.

पण घरात मीटर नाही, बाहेर पैसे देऊन चार्जिंग करावे लागते असे धरा. युनिटला १८ रुपये दिले तर महिन्याचे ३,६०० झाले. बचत ४,७०० आणि हप्ता ५,४००. म्हणजे दर महिन्याला ७०० रुपये खिशातून गेले. गाडी, रस्ता आणि मेहनत तीच राहिली. मीटर नसल्यामुळे नफ्याचा तोटा झाला.

दुसरी बाजू व्याजाची. बँकेने दारातून परत पाठवले की माणूस खासगी फायनान्सकडे जातो. तिथे १८ टक्के व्याज लागले तर तोच हप्ता ६,३५० च्या आसपास जातो. मग घरचे मीटर असूनही महिन्याला साडेचारशे रुपये कमी पडतात. यात आम्ही बॅटरी बदलण्याचा खर्च धरलेला नाही, तसेच तेलपाणी आणि सर्व्हिसिंगची बचतही धरलेली नाही.

हा हिशेब पाहिल्यावर "आपले लोक नवीन काही स्वीकारतच नाहीत" हे बोलणे बंद व्हावे. तो भाऊ कोटेशनसोबत लाईट बिल घेऊन आला होता, कारण त्याला हा हिशेब आकडे न मांडताच कळला होता.

वस्तीतली वायर

आपल्या वस्त्यांमध्ये मीटरचे चित्र काय आहे? काही घरांना स्वतःचे मीटर आहे. काही घरे भाड्याची आहेत. मालकाने सब-मीटर लावलेले असते आणि युनिटचा दरही तोच ठरवतो. काही ठिकाणी जागेचे कागद नाहीत म्हणून नावावर कनेक्शन मिळायला अडचण येते. ज्यांचे मीटर आहे त्यांचाही मंजूर भार कमी असतो. रिक्षाचा चार्जर, फ्रिज आणि पंखा एका वेळी चालला की फ्यूज उडतो.

मग एक्स्टेन्शन बोर्ड येतो. गल्लीतून, गटारावरून, पत्र्याला घासत वायर बाहेर जाते. एका खोलीचे घर, दारातच गाडी लावलेली आणि रात्रभर चार्जिंग. यात जिवाचा धोका आहे. २०२२ मध्ये देशात इलेक्ट्रिक दुचाकींना आगी लागल्यावर केंद्राने बॅटरी सुरक्षेचे 'एआयएस-१५६' हे मानक कडक केले. मानक बॅटरीला लागू होते. आपल्या गल्लीतल्या वायरला मात्र कोणी विचारत नाही.

त्यात सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. महागड्या कारमध्ये बॅटरी थंड ठेवण्याची यंत्रणा असते. स्वस्त तीनचाकीत बहुधा नसते. दुपारी धंदा करून आलेली गाडी पत्र्याच्या शेडमध्ये लगेच चार्जिंगला लावणे टाळावे. अर्धा-एक तास थंड होऊ द्यावी. शक्यतो पहाटे चार्जिंग करावे. जाड, अर्थिंग असलेली वायर घ्यावी आणि घराचे एकच दार असेल तर त्या दारात गाडी लावून झोपू नये. ही माहिती गाडी विकताना मराठीत, तोंडी सांगितली गेली पाहिजे.

आणखी एक गोष्ट तरुणांनी लक्षात घ्यावी. महामार्गावर दिसणारे बहुतेक वेगवान चार्जर कारसाठीचे असतात. त्यांची 'सीसीएस-२' गन साध्या ई-रिक्षाला बसत नाही. रिक्षाला लागतो तो साधा १५ अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट आणि चार तास उभे राहण्याची जागा. त्यामुळे "शहरात इतकी चार्जिंग स्टेशन झाली" अशी बातमी वाचली की विचारावे : त्यातली रिक्षासाठी किती?

कारवाल्यांचे काय?

आपल्या समाजातला नोकरदार वर्ग आता कार घेतो. शिक्षक, बँकेतले, रेल्वेतले भाऊ-बहिणी आम्हाला विचारतात. त्यांच्यासाठी तीन गोष्टी.

पहिली, किंमत. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल कारवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि सेसही गेला. इलेक्ट्रिकवरचा ५ टक्केच राहिला. त्यामुळे पेट्रोल कार स्वस्त झाली आणि दोघींच्या किमतीतले अंतर वाढले. गाडी रोज बरीच पळणार असेल तरच इलेक्ट्रिकचे जास्तीचे पैसे लवकर वसूल होतात. आठवड्याला एकदा बाहेर काढायची असेल तर घाई नको.

दुसरी, जागा. छोट्या इलेक्ट्रिक कारची २४ युनिटची बॅटरी घरच्या १५ अँपिअर सॉकेटवर पूर्ण भरायला आठ तास किंवा जास्त लागतात. अपार्टमेंटमध्ये पार्किंग आणि मीटर असेल तर प्रश्न नाही. गल्लीच्या तोंडाला रस्त्यावर कार लावणाऱ्याने आधी हा प्रश्न सोडवावा, मग बुकिंग करावे.

तिसरी, लांबचा प्रवास. सोलापूर-पुणे सुमारे २५० किलोमीटर आहे. छोट्या बॅटरीची कार भर उन्हात, एसी लावून, चार माणसे घेऊन एका दमात पोहोचेल असे धरून चालू नये. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण या पट्ट्यात थांबावे लागेल. १ जानेवारीला भीमा कोरेगाव आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमी, या दिवशी आपल्या गाड्या एकाच रस्त्यावर असतात. दोन गनच्या स्टेशनवर वीस गाड्या आल्या तर काय होईल याची कल्पना करा. त्या दिवसांसाठी रेल्वे आणि एसटी हाच अजून भरवशाचा मार्ग आहे.

वीज हा आपला जुना विषय

कोणी म्हणेल, चार्जिंग पॉइंट हा काय चळवळीचा विषय आहे का? बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळत होते आणि वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या नियोजनावर बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असण्याचा संबंध थेट देशाच्या औद्योगिकीकरणाशी आणि गरिबीतून सुटकेशी जोडला होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले ते त्यांच्याच कारकिर्दीत. वीज कोणापर्यंत आणि कोणत्या दराने पोहोचते हा प्रश्न आपल्याला त्यांच्याकडूनच मिळाला आहे.

आपल्या जिल्ह्यात आहेरवाडी-फताटेवाडी इथे एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे. कोळसा इथे जळतो, त्याला पाणी उजनीचे लागते. इलेक्ट्रिक गाडीमुळे शहरातला धूर कमी होईल, पण काही भार फताटेवाडीच्या आसपासच्या गावांवर राहील. ज्या जिल्ह्यात वीज तयार होते, त्या जिल्ह्यातल्या वस्तीत एक सुरक्षित सॉकेट मागणे ही फार मोठी मागणी नाही.

काय मागायचे, काय करायचे?

एक, रिक्षा स्टँडवर आणि वस्तीतल्या समाजमंदिर किंवा सांस्कृतिक भवनाच्या आवारात संथ चार्जिंगचे सॉकेट, स्वतंत्र मीटरसह. वस्ती सुधारणेच्या निधीतून रस्ते, दिवे, गटारे होतात. त्यात हेही बसवावे, असा प्रस्ताव प्रभागातून महापालिकेकडे गेला पाहिजे. चार्जिंग केंद्राला विजेचा वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणजे बचत गटही ते चालवू शकतो.

दोन, कुंभारीच्या रे नगरसारख्या कामगार वसाहतींमध्ये चार्जिंगची सामायिक जागा. विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांच्या ३०,००० घरांचा हा प्रकल्प आहे; त्यातल्या १५,००० घरांचे जानेवारी २०२४ मध्ये हस्तांतरण झाले. कामगार रोज शहरात ये-जा करतात. इलेक्ट्रिक रिक्षाला याहून चांगला मार्ग कोणता?

तीन, कर्ज. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीज भांडवल योजनेत मोठा हिस्सा बँकेचाच असतो, म्हणून फाईल बँकेत अडते. नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण लेखी मागायचे आणि सगळे अर्ज एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवायचे. एकट्याने फेऱ्या मारून उपयोग होत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

चार, बस. वस्तीतली बहुतेक माणसे कधीच कार घेणार नाहीत. त्यांच्यासाठी इलेक्ट्रिक प्रवास म्हणजे सिटी बस. 'पीएम ई-बस सेवा' योजनेत सोलापूर आहे. त्या बस वस्त्यांच्या मार्गावर किती फेऱ्या करणार, हे आताच विचारले पाहिजे.

पाच, आपली मुले. गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्या आपल्या पोरांचे काम उद्या बदलणार आहे. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा ट्रेड आला आहे. दहावी-बारावीच्या मुलांना त्याची माहिती आपणच दिली पाहिजे.

त्या रिक्षाचालक भावाने अजून गाडी घेतलेली नाही. आम्ही त्यांना थांबायला सांगितले, पण नुसते थांबून चालणार नाही. त्यांच्या स्टँडवरच्या चालकांच्या सह्या घेऊन सॉकेटच्या मागणीचा अर्ज तयार होतो आहे. पहिली सही त्यांचीच आहे. तुमच्या वस्तीत, तुमच्या स्टँडवर असा अर्ज करायचा असेल तर या आठवड्यात एवढेच करा : किती घरांचे मीटर स्वतःच्या नावावर आहे ते मोजा. पुढची मागणी त्या आकड्यावरच उभी राहील.

जय भीम.