ते डिझाइन नव्हते, ती अक्षरे होती!

आम्ही सीमाभागातली माणसे आधी पाटी वाचतो आणि मग दुकान पाहतो. पाटी कोणत्या भाषेत आहे, कोणती भाषा वर, कोणती खाली, कोणाची अक्षरे बोटभर मोठी, हे आमच्या डोळ्यांना शिकवावे लागत नाही. पाट्यांपायी आमच्याकडे मोर्चे निघाले, डांबर फासले गेले, पोरांनी लाठ्या खाल्ल्या. अशा मुलखातली चौतीस माणसे मे २०२५ मध्ये स्पेनला गेली, नऊ दिवस हिंडली आणि एकही पाटी न वाचता परत आली. त्या चौतिसांत मीही होतो. म्हणून हा लेख रागाने लिहीत आहे, आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच आहे.

सहलीच्या माहितीपत्रकावर भारदस्त मथळा होता : 'स्पेनची कला आणि वास्तुवैभव'. कंपनीचे नाव घेत नाही. माझे भांडण एका कंपनीशी नसून या रीतीशी आहे. माद्रिदला प्रादो संग्रहालयासाठी एक तास दहा मिनिटे आणि फुटबॉलच्या मैदानासाठी दोन तास! वेलास्केझचे १६५६ सालचे 'लास मेनिनास' हे चित्र समोर आले. चित्रातली ती छोटी राजकन्या, कोपऱ्यातला कुत्रा आणि कुंचला हाती धरून आपल्याकडेच रोखून पाहणारा खुद्द चित्रकार यांची ओळख पटते न पटते तोच आमच्या मॅनेजरांनी हातातली घडीची छत्री उंच केली. ''चला मंडळी, साडेसातला इंडियन डिनर आहे!'' मंडळी निघाली. मीही निघालो. मला भूक लागली होती, हे कशाला लपवू?

पण माझी तक्रार वेळेची नाही. पाऊण तासातही माणूस पुष्कळ शिकतो; शाळेचा एक तास तेवढाच असतो. त्या तासात काय सांगितले जाते, हा खरा प्रश्न आहे.

सेव्हिल शहरात आल्काझार नावाचा राजवाडा आहे. त्याच्या आतल्या चौकात राजा पहिला पेद्रो याच्या महालाचे दर्शनी दार आहे. त्या दाराच्या वर, खिडक्यांच्याही वर, निळ्या-पांढऱ्या फरश्यांचा एक पट्टा दिसतो. त्यावर उभ्या-आडव्या कोनाकोनांच्या रेषा आहेत. सवयीने माझी मान वर गेली. मी विचारले, ''वर काय लिहिलंय हो?'' मॅनेजर हसून म्हणाले, ''सर, ते डिझाइन आहे. मुरांची डिझाइनं फार सुंदर असायची.'' सगळ्यांनी फोटो काढले. मीही काढला.

घरी आल्यावर मुलीच्या संगणकावर तो फोटो मोठा करून पाहिला, ग्रंथालयातून पुस्तके आणली आणि दोन महिने वाचत बसलो. तेव्हा समजले, की ती अक्षरे आहेत. कूफी वळणाच्या अरबी लिपीत तिथे लिहिले आहे, की ईश्वरावाचून कोणी विजेता नाही. हे ब्रीदवाक्य ग्रानादाच्या मुस्लिम नस्री सुलतानांचे. त्याच्याभोवती चौकटीसारखी दुसरी ओळ फिरते, ती गॉथिक अक्षरांत आणि कास्तिली भाषेत. कास्तिली म्हणजे ज्या भाषेला आपण आज स्पॅनिश म्हणतो ती. राजा दोन पेद्रोने हा वाडा बांधविला, असे ती सांगते आणि जुन्या कालगणनेतले वर्ष देते. आपल्या हिशेबाने ते १३६४ होते.

राजा ख्रिस्ती आणि कारागीर मुसलमान. शत्रूंनी ज्याला 'क्रूर' म्हटले आणि पाठीराख्यांनी 'न्यायी', त्या राजाने स्वतःच्या दारावर दोन भाषांची पाटी लावली, आणि तीत दुसऱ्या धर्माच्या राजाचे ब्रीद मधोमध बसवले. साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या द्वैभाषिक पाटीखाली बेळगाव-निपाणी-खानापूरची चौतीस माणसे उभी होती आणि त्यांना सांगण्यात आले, की ते डिझाइन आहे!

त्याच शहरातल्या कॅथेड्रलमध्ये आम्हांला कोलंबसाची कबर दाखवली. चार राज्यांचे प्रतीक असलेले चार धिप्पाड पुतळे शवपेटी खांद्यावर घेऊन उभे आहेत. त्याच छपराखाली, राजघराण्याच्या प्रार्थनामंदिरात, तिसरा फर्दिनांद विसावला आहे. याच राजाने १२४८ साली मुसलमानांकडून सेव्हिल जिंकले. त्याच्या कबरीवरचा लेख लॅटिन, कास्तिली, अरबी आणि हिब्रू अशा चार भाषांत आहे. एकाच देशाला लॅटिनमध्ये हिस्पानिया, कास्तिलीत एस्पान्या, अरबीत अल-अंदलुस आणि हिब्रूत सेफाराद म्हटले आहे. जिंकणाऱ्याच्या थडग्यावर जिंकलेल्यांची भाषा कोरलेली आहे, आणि त्यांच्या तोंडचे देशाचे नावही कायम ठेवले आहे. आम्हांला ते दाखवणे राहोच, ते तिथे आहे एवढेही कोणी बोलले नाही.

कॉर्दोबाची गोष्ट आणखी बोचणारी. तिथली मशीद पहिल्या अब्द अर-रहमानने ७८५ च्या सुमारास बांधायला घेतली. तांबड्या-पांढऱ्या दुहेरी कमानी, खाली रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले खांब, आणि त्या खांबांच्या रानाच्या ऐन मध्यभागी उठवलेले ख्रिस्ती कॅथेड्रल. ते पाहून आमच्यातल्या दोन गृहस्थांची जुंपली. एक म्हणाले, ''बघा, असं परत घ्यावं लागतं.'' दुसरे म्हणाले, ''बघा, सुंदर वास्तूचा कसा सत्यानाश केला.'' दोघेही स्पेनविषयी बोलत नव्हते, हे उघड होते. मॅनेजरांनी दोघांची समजूत घातली आणि आइसक्रीमच्या दुकानाकडे नेले.

त्यांनी एवढेच सांगायला हवे होते : कॉर्दोबा १२३६ साली ख्रिस्ती राजाच्या हाती आले. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे मशिदीचा मुख्य आकार तसाच ठेवून तिथे ख्रिस्ती उपासना चालली. १५२३ मध्ये बिशपने मधला भाग पाडून कॅथेड्रल उठवायचे ठरवले, तेव्हा विरोधाला उभी राहिली ती शहराची नगरसभा. राजाचा निर्णय येईपर्यंत जो कामगार पाडापाडीला हात लावील त्याला देहदंड, अशी दवंडी तिने पिटवली. नगरसभा ख्रिस्ती, बिशप ख्रिस्ती. राजा पाचव्या चार्ल्सने कौल दिला तो बिशपच्या बाजूने. म्हणजे तिथला तंटा दोन धर्मांत नव्हता. ज्यांना आपले गाव जसे होते तसे हवे होते आणि ज्यांना त्यावर आपला शिक्का हवा होता, त्यांच्यातला तो होता. आमच्या दोन्ही गृहस्थांना हे कळते, तर त्यांचे भांडण निदान शहाणपणाचे झाले असते.

इथे एक कबुली देतो, नाही तर मीही मॅनेजरच ठरेन. मुसलमानी अंमलातला स्पेन म्हणजे रामराज्य नव्हते. १०६६ साली ग्रानादात ज्यूंची कत्तल झाली. बाराव्या शतकात अल्मोहाद राजवटीने अन्य धर्मीयांना जगणे मुश्कील केले. जुन्या काळी सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, असे सांगणारा गाइडही तितकाच खोटा. मला गोड गोष्ट नको आहे. भिंतीवर लिहिलेले वाचून हवे आहे.

आणि ग्रानादाचा आल्हाम्ब्रा तर अक्षरशः वाचायचाच वाडा आहे. 'ईश्वरावाचून कोणी विजेता नाही' हेच ब्रीद त्याच्या भिंतींवर पुन्हापुन्हा येते. सिंहांच्या कारंज्याच्या कुंडाभोवती इब्न जमरक या दरबारी कवीची कविता कोरलेली आहे. आम्ही बाराच्या बारा सिंह मोजले. कवितेचे नाव कोणी काढले नाही. वाडा उभा राहिला, पण ती भाषा बोलणाऱ्यांचे काय झाले? २ जानेवारी १४९२ ला ग्रानादा ख्रिस्ती राजांच्या ताब्यात गेले. काही वर्षांतच मुसलमानांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. आणि १ जानेवारी १५६७ रोजी दुसऱ्या फिलिपचा हुकूम जाहीर झाला : तीन वर्षांत कास्तिली शिका, त्यानंतर चारचौघांत किंवा घरात, अरबी बोलायची नाही, वाचायची नाही, लिहायची नाही.

वाचकहो, 'घरात' हा शब्द पुन्हा वाचा.

त्या हुकमाविरुद्ध फ्रान्सिस्को नुन्येझ मुले या वृद्ध गृहस्थाने ग्रानादाच्या राजन्यायसभेच्या अध्यक्षाकडे लेखी गाऱ्हाणे मांडले. तो स्वतः धर्माने ख्रिस्ती होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : भाषा म्हणजे धर्म नव्हे, माल्टाचे लोक अरबी बोलतात आणि चांगले ख्रिस्ती आहेत. खेड्यात जन्मून म्हातारी झालेली माणसे नवी भाषा शिकणार कशी आणि कधी? कोणी ऐकले नाही. १५६८ च्या अखेरीस बंड झाले, ते चिरडले गेले. १६०९ ते १६१४ या काळात देशभरातून सुमारे तीन लाख माणसे हाकलली गेली. ज्या न्यायसभेपुढे हे गाऱ्हाणे गेले, तिची इमारत ग्रानादाच्या प्लाझा नुएव्हा चौकात आजही उभी आहे. त्या चौकात आम्ही वीस मिनिटे बसची वाट पाहिली आणि थेपल्यांचा डबा संपवला.

हा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. मग बार्सिलोनाला चला. साग्रादा फामिलिआपुढे मॅनेजर म्हणाले, ''हा स्पॅनिश वास्तुकलेचा कळस.'' हा कळस उभारायला ज्याने आयुष्यातली ४३ वर्षे दिली, तो आंतोनी गौदी कॅटलान होता. ११ सप्टेंबर १९२४ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, चर्चमध्ये प्रार्थनेला जाताना पोलिसांनी त्याला अडवले. हुकूमशाहीचा काळ होता. पोलीस कास्तिलीत विचारत होते, गौदी कॅटलानमध्येच उत्तर देत होता. कास्तिली त्याला येत होती. त्या दिवशी ती बोलायला तो तयार नव्हता. त्याला कोठडीत टाकले आणि दंड भरल्यावर सोडले. पुढे फ्रँकोच्या राजवटीत, १९३९ पासून, शाळा आणि कचेऱ्यांतून कॅटलान हद्दपार झाली. आज तिथल्या रस्त्यांच्या पाट्यांवर कॅटलान दिसते, ती १९७५ मध्ये फ्रँको मेल्यानंतर मोठ्या कष्टाने परत आलेली आहे. आमच्या गटात पाटीसाठी लाठी खाल्लेले तिघे होते. त्यांना ही गोष्ट सांगायला दोन मिनिटे लागली असती. ते तिघे त्या चर्चपुढे हात जोडून उभे राहिले असते.

यावर लोक मला सांगतात, ''सर, सहल म्हणजे शाळा नव्हे. माणसं आयुष्यभराची पुंजी मोडून येतात, चार दिवस मजा करू द्या. व्हिसा, विमान, जेवण हे कंपनी बघते म्हणून तरी म्हातारी माणसं जग पाहतात.'' खरे आहे. त्याबद्दल कंपन्यांचे उपकार मानतो. गटाने जाण्यालाही माझा विरोध नाही. आपल्या दिंड्या तरी काय आहेत? पण दिंडीत वीणेकरी असतो, मुक्कामाला कीर्तन होते, आणि ज्या गावी थांबलो तिथल्या संताचे नाव पोराटोरांना ठाऊक असते. तिथे कोणी 'ते डिझाइन आहे' असे सांगत नाही. मजेचे म्हणाल, तर न कळलेल्या दारापुढे उभे राहून फोटो काढण्यात मजा जास्त, की दाराने आपल्याशी बोलावे यात?

कंपन्यांना माझी मागणी लहान आहे. प्रवासाला निघण्यापूर्वी दोन संध्याकाळी मराठीतून माहिती द्या. प्रत्येक वास्तूपाशी भिंतीवर काय लिहिले आहे ते सांगा. दुकानाचा पाऊण तास कमी करून प्रादोला द्या. आणि वाचकांना सांगणे असे, की पैसे भरताना जेवणात बटाटा-कांदा आहे का, एवढेच विचारू नका. तिथले लेख वाचून दाखवणारा माणूस बरोबर आहे का, हेही विचारा. गिऱ्हाइकाने मागितले तर कंपनी देते. आपण मागत नाही, म्हणून छत्रीमागून चालतो.

आता उरलेला निम्मा राग. आमच्या शाळेच्या जुन्या इमारतीच्या दारावर १९५४ सालची कोनशिला आहे. त्या मराठी शाळेसाठी जागा दिली ती एका कन्नड बोलणाऱ्या व्यापाऱ्याने. शिलेवर वर मराठीत चार ओळी होत्या, खाली कन्नडमध्ये चार. २०११ मध्ये इमारतीची दुरुस्ती निघाली. त्या दिवसांत गावात पाट्यांवरून वातावरण तापले होते. कार्यकारिणीने खालच्या चार ओळींवर ग्रॅनाइटची पट्टी बसवायचा ठराव केला. मी नुकताच मुख्याध्यापक झालो होतो. त्या ठरावावर माझी सही आहे. तेव्हापासून चौदा वर्षांची मुले त्या दारातून गेली. आपल्याला शाळेची जागा कोणत्या भाषेच्या माणसाने दिली, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही. आमच्या पाट्या काढल्या गेल्या तेव्हा मी चौकात भाषणे केली. स्वतःच्या दारावरची ओळ मात्र दगडाखाली गाडून बसलो.

जुलैमध्ये ती पट्टी काढण्याचा अर्ज मी कार्यकारिणीपुढे ठेवला. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, ''सर, एवढे पैसे खर्चून स्पेनला गेलात ते हेच शिकायला का?'' मी म्हटले, ''होय.'' पट्टी अजून निघालेली नाही. दिवाळीनंतरच्या बैठकीत हा विषय पाचव्या क्रमांकावर आहे.